अप्पांचा ‘जमाखच’

अप्पांचा फोन रविवारी रात्री येतो. मंगळवारी सकाळी साडेसातला आला म्हणजे काहीतरी बिघडलंय.

“अगं, जमाखर्चाचा र गेला.”

“म्हणजे?”

“वरच्या पट्टीत लिहिलेलं असतं ना, जमाखर्च म्हणून. तिथं आता जमाखच आहे. मार्चचा माच झालाय. फाईल बिघडली काय?”

फाईल ठणठणीत होती. आदल्या रविवारी साताऱ्याला जाऊन, मोठ्या हौसेनं, मीच ते करून आले होते.

गोष्ट २०२२ च्या पावसाळ्यातली. अप्पा एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले आणि सोसायटीनं त्यांना लगेच खजिनदार करून टाकलं. चोवीस फ्लॅट, त्यांचा मेंटेनन्स, पाण्याच्या टाकीचा खर्च, वॉचमनचा पगार. वहीत चाललं होतं तोवर ठीक होतं, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि वहीतल्या रेघा दिसेनात. साखर आटोक्यात आल्याशिवाय ऑपरेशन नको, असं डॉक्टर म्हणाले. मग माझा जुना लॅपटॉप, चार जीबी मेमरीचा, त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून त्यांना दिला. डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-मेन्यू दाखवणारा भाग, एक्सएफसीई नावाचा घेतला, कारण जुन्या मशीनवरही तो धड चालतो.

पहिल्याच आठवड्यात तक्रार आली. “फाईल उघडली की समोरच्या ट्रकनं अप्पर मारल्यासारखं होतं.”

मोतीबिंदूत हे होतंच. डोळ्यातलं भिंगच गढूळ झालेलं असतं, त्यामुळे आत शिरणारा उजेड सगळीकडे पसरतो. स्क्रीन जितकी पांढरी, तितका पसारा जास्त आणि त्यात काळी अक्षरं विरघळून जातात. उजेड कमी करून पाहिला. पांढरं निवलं, पण अक्षरंही निवली. मिंटची तयार गडद थीम लावली. ती डोळे शाबूत असलेल्यांसाठी केलेली, राखाडीवर फिकट राखाडी. अप्पा म्हणाले, “संध्याकाळी सातला खंबाटकी उतरतोय असं वाटतं.”

“मग कसं पाहिजे?”

“नव्या गाड्यांवर ती दिव्यांची पाटी असते बघ. काळ्यावर पिवळी. ती लांबून वाचता येते मला.”

इतकी नेमकी मागणी माझ्या क्लायंटनीही कधी केलेली नाही. (मी पुण्यात एका छोट्या कंपनीत पायथन भाषेत प्रोग्रॅम लिहिते. डिझाइनशी माझा संबंध कॅलेंडरच्या चित्राइतकाच.)

एकेकाळी हे सोपं होतं, हे मला आठवत होतं. एमएस-सीआयटीच्या क्लासला विंडोज ९८ वर आम्ही पोरी तासाचा निम्मा वेळ रंग बदलण्यात घालवायचो. ‘अपिअरन्स’ नावाच्या खिडकीत टायटलबारची उंची, स्क्रोलबारची रुंदी, मेन्यूचा फाँट, प्रत्येकाचा रंग वेगवेगळा ठरवता यायचा. त्याच्याही आधी, विंडोज ३.१ मध्ये, ‘हॉट डॉग स्टँड’ नावाची लालभडक-पिवळीधमक रंगसंगती मायक्रोसॉफ्टनं स्वतःहून दिलेली होती. लोक तिला अजून हसतात. पण अप्पांना ती चालली असती. विंडोज ८ आलं तेव्हा ती सगळी खिडकीच निघून गेली.

एक्सएफसीईत ती सोय अजून आहे, फक्त विखुरलेली. बटणं-मेन्यू-चौकटींचा रंग एका जागी, विंडोच्या वरच्या पट्टीचं रूप दुसऱ्या, चिन्हं तिसऱ्या. एका साइटवरून काळी थीम उतरवली आणि तिची सीएसएस फाईल, म्हणजे रंगरूपाचे नियम लिहिलेली फाईल, उघडली. वरच रंगांची यादी होती: पार्श्वभूमी, अक्षर, निवडलेली ओळ, निवडलेल्या ओळीतलं अक्षर. सहा ओळी बदलल्या आणि काळ्यावर पिवळं उमटलं. अप्पांनी खुर्ची पुढं ओढली. चष्मा काढला, पुसला, परत घातला. “हां. आता गाडी कुठली ते कळतंय.”

थीम अशी कुठूनही उतरवू नये, हे जाता जाता सांगते. माझी होती ती नुसती सीएसएस, तिला रंगरूपापलीकडे काही करता येत नाही. पण केडीई या लिनक्सच्याच दुसऱ्या डेस्कटॉपच्या ‘ग्लोबल थीम’बरोबर चालणारा कोडही येऊ शकतो. मार्च २०२४ मध्ये अशाच एका थीमनं एकाच्या घरच्या फाईली साफ पुसल्या आणि केडीईवाल्यांना लोकांना जाहीरपणे सावध करावं लागलं. रंगाचा डबा म्हणून आणलं आणि आत सुरुंग निघाला.

त्याच रविवारी, डोक्यात वारं शिरल्यासारखं, मी फाँटही मोठे केले. मेन्यूचे, फाईलींच्या नावांचे आणि वरच्या पट्टीचेही. सगळं फुगलं. पट्टी तेवढी फुगली नाही. संध्याकाळच्या गाडीची घाई होती, माझ्या लक्षात आलं नाही.

एक्सएफसीईत विंडोची वरची पट्टी चित्रांच्या तुकड्यांनी जोडलेली असते: डावा कोपरा, उजवा कोपरा, मधले पाच तुकडे, बटणं. चित्र जेवढं उंच तेवढी पट्टी उंच, तिला फाँटशी देणंघेणं नाही. इंग्रजी अक्षर बावीस पिक्सेलच्या पट्टीत अंग चोरून बसलं असतं. आपल्या अक्षराला शिरोरेघेच्या वर आणखी एक मजला असतो. रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार सगळे तिथं राहतात आणि पट्टीनं नेमका तोच मजला उडवला होता. ‘जमाखर्च’चा जमाखच. ‘मीटिंग’चा अनुस्वार गेला, वेलांट्यांची टोकं गेली. थीम करणाऱ्याच्या स्वप्नातही हे आलं नसणार आणि त्याचा काही दोष नाही. त्यानं आपल्या लिपीत तपासून पाहिलं असेल.

पुढच्या रविवारी पुन्हा सातारा. तुकडे मोजले तर चाळीसच्या वर. विंडो समोर असतानाचे वेगळे, मागे असतानाचे वेगळे, बटण दाबलेलं वेगळं. पण हे तुकडे एक्सपीएम प्रकारातले असतात, आणि ही चित्रं चक्क अक्षरांत लिहिलेली असतात. साध्या एडिटरमध्ये उघडलं की दिसतं: पहिल्या ओळीत रुंदी, उंची, किती रंग. मग रंगांची यादी, टिंब म्हणजे पिवळा, अधिकचं चिन्ह म्हणजे काळा, असं. आणि खाली त्या चिन्हांच्या रांगाच रांगा.

आई चहा घेऊन आली, माझ्या खांद्यावरून तिनं पाहिलं. “हे काय, ठिपक्यांची रांगोळी?”

खरंच तसंच होतं. बावीस रांगांची रांगोळी मला चौतीस रांगांची करायची होती. मधली एक रांग उचलायची, खाली बारा वेळा चिकटवायची आणि पहिल्या ओळीतला आकडा बदलायचा. आकडा बदलायला विसरलं की बेरीज जुळत नाही आणि पट्टी विद्रूप दिसते. अप्पा शेजारी स्टूल घेऊन बसले होते. कुठलं चिन्ह कुठल्या रंगाचं हे त्यांनी दोनदा विचारलं. मला वाटलं, माझं मन राखायला विचारतायत. सगळं संपेपर्यंत जेवायची वेळ टळून गेली. पण पट्टी उघडली तेव्हा रफार होता. अप्पांनी ‘जमाखर्च’ मोठ्यानं वाचून दाखवलं, पहिलीतल्या मुलासारखं.

राहता राहिली बाजूची पट्टी, स्क्रोलबार. हल्ली ती केसाएवढी बारीक करतात आणि माउस जवळ गेला की मग जाडी होते. थरथरत्या हाताला आणि अंधुक डोळ्याला हा लपंडाव नको. घरच्या फोल्डरात जीटीकेसाठी, म्हणजे अ‍ॅप्सची बटणं-मेन्यू काढणाऱ्या तयार कोडसाठी, एक छोटी सीएसएस फाईल ठेवता येते. तीत ‘स्लायडर कमीत कमी चोवीस पिक्सेल’ अशी एक ओळ लिहिली आणि ते लपणं बंद करणारी एक सेटिंग. या दोन ओळींचा उपयोग त्या सगळ्या काळ्या-पिवळ्यापेक्षा जास्त झाला असं अप्पा अजून म्हणतात.

हे सगळं करताना माझा पारा आतून चढत चालला होता, त्याचं कारण माझा स्वतःचा लॅपटॉप. त्यावर फेडोरा हे दुसरं लिनक्स आणि नोम हा त्याचा डेस्कटॉप. मी कितीतरी वर्षं तिथं एक सायीच्या रंगाची थीम वापरत होते. त्या उन्हाळ्यात फेडोरा ३६ वर गेले, त्यात नोम ४२ आलं आणि डेस्कटॉपच्या दोन वाटण्या झाल्या. फाईल मॅनेजर माझ्या सायीत. सेटिंग्ज आणि नवा टेक्स्ट एडिटर पांढऱ्याफटक. वाडा रंगवायला काढावा आणि रंगाऱ्यानं दोन खोल्यांना हात लावायचा नाही म्हणावं, तसं. ट्वीक्स या नोमच्या जादा सेटिंग्जच्या अ‍ॅपमध्ये थीम निवडायच्या जागेला आता ‘लेगसी अ‍ॅप्लिकेशन्स’ असं नाव होतं. म्हणजे ज्या अ‍ॅपवर तुमचा रंग चढतो ते जुनं झालं, असं सभ्य भाषेत.

कारण होतं लिबअ‍ॅडवेटा. नोमची नवी अ‍ॅप्स या लायब्ररीवर, तयार कोडच्या संचावर, बांधलेली आणि ती स्वतःचा वेश सोबत घेऊन येते, तुमची थीम विचारातच घेत नाही. उजळ की गडद एवढं तुम्ही सांगू शकता, जास्त तफावतीचे रंग मागू शकता. बाकी ती म्हणेल ते. याची चाहूल २०१९ च्या मे महिन्यातच लागली होती. काही अ‍ॅप-लेखकांनी मिळून, आमच्या अ‍ॅप्सवर कृपया थीम चढवू नका, असं खुलं पत्र काढलं होतं. तेव्हा मी ते अर्धवट वाचून वैतागले होते. काय तर म्हणे आमचं अ‍ॅप! माझा डोळा, माझा पडदा, माझी वीज.

लिबअ‍ॅडवेटाला मागच्या दारानं गाठता येतं, हेही मला लवकरच सापडलं. जीटीके ४ च्या फोल्डरात तशीच एक सीएसएस फाईल ठेवायची आणि ठरलेल्या नावांचे रंग तेवढे बदलायचे. सायीचा रंग परत आला. तरी राग गेला नाही. जे पुढच्या दारानं चालत होतं ते मागच्या दारानं का करायचं?

मग सप्टेंबर आला आणि अप्पांनी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लावली: ऑगस्टअखेर सर्व सदस्यांचा मेंटेनन्स जमा झाला आहे, सर्वांचे आभार.

त्या संध्याकाळी चौदा नंबरवाले कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. त्यांचे पाच महिने थकले होते.

“अप्पा, तुम्ही यादी बघितली नाही का?”

“बघितली की. ज्यांची बाकी त्यांची नावं पिवळ्या पट्टीत, असं तूच सांगितलंस. तीन पट्ट्या पिवळ्या होत्या, पण कोऱ्या. मला वाटलं, भरले म्हणून नावं पुसली असतील.”

मी गप्प.

मेंटेनन्सचा तो छोटा प्रोग्रॅम मीच लिहून दिला होता, जूनमध्ये, माझ्या सायीच्या लॅपटॉपवर. फ्लॅट, महिना, रक्कम आणि बाकी असेल तर त्या ओळीची पार्श्वभूमी फिकी पिवळी. पार्श्वभूमीचा रंग मी ठरवून टाकला होता. अक्षराचा ठरवला नव्हता, कारण अक्षर काळं असतं हे कोण सांगायला पाहिजे? जुलैत मीच तिथं थीम बसवली आणि अक्षरं पिवळी केली. पिवळ्यावर पिवळं. ज्या ओळी ओरडून दिसाव्यात म्हणून रंगवल्या त्याच तेवढ्या नाहीशा झाल्या. थीमही माझी, प्रोग्रॅमही माझा, खजिनदारही माझाच बाप. दुसऱ्या कुणावर ढकलायला जागाच नव्हती.

त्या रात्री ते खुलं पत्र पुन्हा काढून नीट वाचलं. रोख माझ्यावर नव्हताच. तो होता लिनक्सची वितरणं बनवणाऱ्यांवर, म्हणजे मिंट-फेडोरासारखे तयार संच काढणाऱ्यांपैकी जे आपल्या लाखो वापरकर्त्यांना आधीच स्वतःची थीम चढवून देतात त्यांच्यावर. मग बटण दिसेनासं होतं, चिन्ह बदलतं, मदतपुस्तिकेतल्या चित्राशी पडदा जुळत नाही आणि तक्रार येते ती अ‍ॅप लिहिणाऱ्याकडे, ज्यानं ती थीम कधी पाहिलेलीही नसते. स्वतःच्या मशीनशी खेळायचं तर खुशाल खेळा, फक्त बिघडलं तर जबाबदारी तुमची, असंही त्यात होतं. २०१९ मध्ये ही ओळ माझ्या नजरेतून कशी सुटली कुणास ठाऊक. मोतीबिंदू तर मला नव्हता.

त्यांचं पटलं, आणि तरी पूर्ण पटलं नाही. माझ्या प्रोग्रॅममधली चूक थीमनं केली नव्हती. ती माझीच होती, थीमनं उघडी पाडली. पार्श्वभूमी ठरवलीस तर अक्षरही ठरव, नाहीतर दोन्ही थीमवर सोड, हा नियम जुनाच आहे. मी दोन ओळी बदलल्या, थकबाकीच्या ओळींत अक्षर काळं केलं आणि शिवाय पुढं ‘बाकी’ हा शब्दच लिहिला. रंग दिसो न दिसो, शब्द दिसतो. ते मी पहिल्यांदाच करायला हवं होतं.

आणि काळ्यावर पिवळं, चोवीस पिक्सेलचा स्क्रोलबार, चौतीस रांगांची पट्टी, ही यादी कुठल्या डिझायनरनं कितीही चांगल्या मनानं बसून केली असती? नोमची गडद-अधिक-जास्त-तफावत सोय मी माझ्या लॅपटॉपवर लावून अप्पांना दाखवली होती. बरी होती. पांढरं अक्षर होतं मात्र, आणि पांढरं अक्षर त्यांना धुरकट दिसायचं. २०२४ च्या सप्टेंबरात नोम ४७ आलं, त्यात बटणांसाठी नऊ रंगांतून एक निवडायची मुभा मिळाली. नऊ म्हणजे शून्यापेक्षा बरेच. लिनक्स मिंटवाल्यांनी त्याच वर्षी, मिंट २२ मध्ये, दुसरा रस्ता धरला: कॅल्क्युलेटर, कॅलेंडर यांसारखी अ‍ॅप्स त्यांनी लिबअ‍ॅडवेटाच्या आधीच्या आवृत्त्यांवर परत नेली, म्हणजे थीम लागू होईल. जुनं धरून किती दिवस बसणार हा प्रश्न आहेच. पण अप्पांचा लॅपटॉप मिंटवर आहे म्हणून मला निवांत झोप लागते.

सोसायटीचं प्रकरण फळ्यावर दुरुस्ती लावून मिटलं. चौदा नंबरनी तीन महिन्यांचे भरले. पेढ्यांचा विषय कुणी काढला नाही.

डिसेंबरात साखर खाली आली आणि अप्पांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, फेब्रुवारीत डाव्याचं. डोळ्यावरची पट्टी काढल्यावर त्यांचं पहिलं वाक्य: “आपल्या भिंती पांढऱ्या आहेत?” इतकी वर्षं ते त्यांना क्रीम समजत होते. जुनं भिंग पिवळट झालेलं असतं, ते गेलं की सगळ्यावर निळसर झाक दिसते, पहिले काही दिवस तर फारच. आठवड्यानं लॅपटॉप उघडला आणि मला फोन. “हे काय भडक करून ठेवलंयस गं? जागरण-गोंधळाचा मांडव वाटतोय.”

मी सांगायला लागले, “अप्पा, सेटिंग्जमध्ये जा, अपिअरन्स म्हणून…”

“ते केलं मी. पहिलं होतं ते पांढरं लावलं. बाजूची पट्टी तेवढी जाड राहिली, ती राहू दे.”

महिनाभरानं गुढीपाडव्याला गेले. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. पडदा पांढरा, अक्षर काळं, बाजूला माझा जाडजूड स्क्रोलबार. आणि विंडोची वरची पट्टी लाल. एसटीचा लाल.

“हे कुणी केलं?”

“कुणी म्हणजे? तू दाखवलं होतंस की. टिंब म्हणजे पिवळा लिहिलंय, तिथं लाल लिहिलं. इंग्रजीत ‘रेड’ लिहिलं तरी चालतं त्याला.”

चाळीस-बेचाळीस फाईली. त्यांनी ड्यूटीच्या तक्त्यासारखा एक कागद आखला होता: फाईलचं नाव, तारीख, बरोबरची खूण. निवृत्त माणसाचा मार्च महिना सत्कारणी लागला होता. पट्टीवर ‘जमाखर्च’ रफारासकट.

फक्त डावीकडचा एक कोपरा अजून पिवळा होता, नखाएवढा. मला बघताक्षणी कळलं कुठली फाईल राहिली ते. तोंड उघडलं, तर अप्पांनी हात वर केला.

“सांगू नकोस. मी शोधतोय.”